कार्डवाल्या मामींचे बस्ते

लग्न ठरलं की लोक आधी पंचांग बघतात. विंझरच्या कार्डवाल्या मामी आधी मोबाईलमध्ये बँकेचं वर्ष कधी संपतं ते बघायच्या. माझ्या लग्नाचा बस्ता घरच्यांनी चैत्रात ठरवला होता. मामींनी तो फाल्गुनात ओढला. "साड्या त्याच, दुकान त्येच. फकस्त माज्या कार्डावर ह्या वर्साला पडू दे," असं त्यांनी माझ्या वडिलांना तोंडावर सांगितलं, आणि वडील चक्क हो म्हणाले.

मामी ब्लाउज शिवायच्या. खोऱ्यातल्या साऱ्या नवऱ्या त्यांच्याकडेच माप द्यायच्या, म्हणून भोरला बस्ता बांधायला मामी हव्याच. बिल त्या आपल्या क्रेडिट कार्डावर भरत आणि घरच्यांकडून तेवढीच रोकड घेऊन बँकेत टाकत. ते कार्ड एका विमान कंपनीशी जोडलेलं होतं; वर्षात त्यावर ठरावीक खर्च झाला की कंपनी त्यांना वरचा दर्जा देणार होती, आणि मग जास्त वजनाची बॅग नेता येणार होती. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

गावात कुजबुज व्हायचीच, मामी कमिशन खातात म्हणून. एकदा हळदीकुंकवात त्यांनी सगळ्यांसमोर विषय काढला. "दुकानदारानं साडी दिली ती म्या त्याच्याच गल्ल्यावर ठिवून आले. जा, इचारा त्याला!" वाण न घेताच मामी निघून गेल्या.

मामींची लेक परदेशात नर्स. पहिल्यांदा तिच्याकडे निघाल्या तेव्हा विमानतळावर बॅग जड भरली. काउंटरवरच्या मुलीनं ती सगळ्यांदेखत उघडायला लावली. आंबेमोहोर, नाचणीचं पीठ, हळीव, सगळं तिथंच राहिलं. "फुडल्या बारीला हीच बॅग तू गुमान घेशील," असं तिला ऐकवून मामी विमानात बसल्या. आता लेकीला दिवस गेले होते. तिचं बाळंतपण आपल्या खाचरातल्या तांदळावरच करायचं, हा मामींचा हट्ट होता.

त्या वर्षी खर्चाला एकच बस्ता कमी पडत होता आणि तो नेमका बँकेच्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी आला. मीही सोबत होते. साड्या निवडून झाल्या. मामींनी कार्ड काढलं, तेवढ्यात नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली, "थांबा. अमावस्या लागली. आता पैसं द्यायचं न्हाईत. परवा येऊ."

"बँकेला कसली आलीय अमावस्या?" मामी कडाडल्या.

मुलीकडच्यांनी माना खाली घातल्या. नवरी मात्र उठली. "लावा मामी कार्ड. मला चालतंय." आत्याबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

मामींनी ती नजर पाहिली आणि कार्ड परत पिशवीत टाकलं. बाहेर आल्यावर मी त्यांच्याशी भांडलेच.

"म्या कुनाच्या बापाला भीत न्हाई," त्या म्हणाल्या. "पन उद्या त्या घरात दूध नासलं तरी हिच्यावर येईल. बॅग माजी हाय, तिचा जलम कशाला नासवू?"

दर्जा हुकला. मामींचे दीर म्हणाले, "वैनी, आता तांदूळ तिकडंच इकत घ्या."

मामींनी काट्यावर ठेवून बॅग भरली. तांदूळ, नाचणी, हळीव, डिंक बसलं आणि वजनाची हद्द संपली.

"आणि तुमच्या साड्या?" मी विचारलं.

"अंगावर हाय की एक."

अख्ख्या खोऱ्यातल्या नवऱ्या नटवणारी बाई एका साडीवर परदेशी निघाली. एसटीपाशी मला रडू आवरेना, तर मलाच दटावलं.

मामी नातवात रमल्या, परतल्याच नाहीत. बस्त्याच्या दिवसांत त्यांच्यावाचून मला भोर नकोसं होतं. पण त्यांनी बायकांच्या ग्रुपवर टाकलेला फोटो मी जपून ठेवलाय. लेकीची पँट, लेकीचाच ढगळ स्वेटर, एका हातावर नातू आणि दुसरा कमरेवर. खाली त्यांच्याच आवाजातला निरोप:

"लेकीनं आंबेमोहोराचा भात दोन येळा मागून घेतला. आता म्हना, काय म्हनायचं त्ये!"