चार आकडे आणि एक बाक

देवाजीभाऊ गेल्याचा फोन मला बंडूजीनं केला, आणि पहिला राग मला त्याचाच आला. बंडूजी म्हणजे तेंदूपत्त्याच्या ठेकेदारांचा मुन्शी. त्याच्या मालकांविरुद्ध लिहिण्यात माझी कॉलेजपासूनची सगळी वर्षं गेली. त्या सकाळीही मी वरोऱ्याला बाजार समितीच्या फाटकाशी तसलंच एक पत्रक वाटत उभी होते. "तुह्या लोकायनं तुले सांगतलं नसन, म्हणून केला," तो म्हणाला. "भाऊ गेले. दुकानातच, खुर्चीवर बसल्या बसल्या." माझ्या लोकांनी खरंच सांगितलं नव्हतं. मी गडचिरोलीला पोचले तेव्हा ते दुकानाच्या पायरीवर उभे होते. शोकसभेच्या फलकावर कोणत्या संघटनेचं नाव वर टाकायचं यावर त्यांचा वाद चालला होता... आत भाऊंना अजून आंघोळ घालायची होती.

धानोरा रोडवरचं ते टिनाचं दुकान ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पुढच्या बाजूला एक नवा संगणक होता. त्यावर नोकरीचे अर्ज, सातबारा, दहावी-बारावीचे निकाल निघायचे, आणि भाऊंचं पोट त्यावरच चालायचं. मागच्या खोलीत दुसरा संगणक होता, पिवळा पडलेला डबा आणि फुगीर काचेचा पडदा. चित्रावर बाण नेऊन बटण दाबलं की काम होतं, ही सोय नवीनच आली होती त्या काळातली, फार जुनी विंडोज त्यावर चालायची. बंद पडलेल्या कुठल्याशा ऑफिसच्या भंगारातून भाऊंनी तो आणला होता. पत्रकं, मग ती कोणाचीही असोत, फक्त त्या मागच्या डब्यावर तयार व्हायची.

त्या डब्याची मेमरी आजच्या साध्या फोनच्या पासंगालाही पुरायची नाही. मराठी टायपिंगची दोन पॅकेजं एकदम चढवली की तो जागच्या जागी गोठायचा. मजूर संघटनेच्या माणसाचा हात जुन्या टाइपरायटरच्या कळांवर बसलेला, आमच्या बौद्ध तरुणांच्या मंडळाला उच्चाराप्रमाणे टाइप करायची सवय, धानोऱ्याकडच्या ग्रामसभांना गोंडीची अक्षरं हवीत, आणि ठेकेदारांना त्यांचं बोधचिन्ह स्कॅन करून हवं. हे सगळं एका विंडोजमध्ये मावणार नव्हतं. म्हणून भाऊंनी एकाच डब्यात चार विंडोज मांडल्या. चौघींचे फॉन्ट वेगळे, कळा वेगळ्या, रंगही वेगळे. एकीत काम करणाऱ्याला दुसरीतलं काही दिसायचं नाही. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर फक्त चार आकडे यायचे, एकाखाली एक. नावं नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ह्या काळ्यावर मराठी उमटत नाई. अन् इंग्रजीत मी कोणाचं नाव लिवत नाई." एक म्हणजे मजूर, दोन आम्ही, तीन ग्रामसभा, चार ठेकेदार. आकडा न दाबता तुम्ही नुसते बसून राहिलात, तर थोड्या वेळानं ते चार आकडेही जायचे आणि एक पांढरी रेघ लुकलुकत राहायची. मशीन आपणहून कोणतीच विंडोज उघडायचं नाही. ते भाऊंनी मुद्दाम तसं केलं होतं. "आपण कोण ते सांगाव लागते माणसाले," ते म्हणायचे. "मशीन काऊन ठरवन?"

एका नंबरवरून दुसऱ्यावर जायचं तर मशीन बंद करून पुन्हा सुरू करावं लागे, आणि ते सुरू व्हायला चहा पिऊन व्हायचा. तोवर पुढच्या नंबरवाल्यानं बसायचं कुठं? मागच्या खोलीत सागाचा एकच बाक होता, भिंतीला टेकवलेला. म्हणजे मजुरीच्या दरावर पेटलेली माणसं आणि ते दर ठरवणाऱ्यांचा मुन्शी एकाच बाकावर, एकाच वेळी चहा पीत बसायचे. बंडूजीच्या शेजारी बसायची पहिल्यांदा वेळ आली तेव्हा मी उभीच राहिले. भाऊंनी मान वर न करता म्हटलं, "बस ना ओ पत्रकवाली. ज्याच्या विरुद्ध लिवतं, त्याच्या बाजूले बसून पाह्य तं खरी." बंडूजी सरकला आणि म्हणाला, "चावत नाई मी, बाई. माह्यं काम मालकाचं आहे, दात माहे आहेत." मी बसले, पण चहा घेतला नाही.

मी पत्रकांच्या घरात वाढले. आमच्याकडे भिंतीला रंगाच्या आधी खळ लागली. त्यामुळे चार नंबर मला कधीच पचला नाही. एकदा ठेकेदारांच्या पत्रकात ग्रामसभांच्या बायकांबद्दल घाणेरडी ओळ होती आणि भाऊंनी ती जशीच्या तशी लावली. मी दुकानात जाऊन भांडले. म्हटलं, तुम्ही आमचे ना, मग हे कसं करू शकता? ते कळा पुसत होते. म्हणाले, "मी छापतो. सही करत नाई." मी म्हटलं, हे भेकडाचं उत्तर आहे. त्यावर ते चिडले, आणि चिडले की ते फार हळू बोलत. "ते ओळ मी बंडूजीले बाकावर मोठ्यानं वाचाले लावली. ग्रामसभेची मैनीबाई बाजूले बसली होती. त्यानं अर्धी वाचली अन् बंद केलं. आता बाहेर नेऊन वाटायची हिंमत असन तं वाटू दे." ते पत्रक बाहेर आलं नाही, हे मला नंतर कळलं. तरी मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही पूर्ण मानत नाही. घाण छापायला नकार देणं हेही एक काम आहे आणि ते भाऊंनी करायला हवं होतं. मेलेल्या माणसाशी वाद संपवायचा असतो, असं मला कोणी शिकवलेलं नाही.

मैनीबाई धानोऱ्याच्या पलीकडच्या गावची, गोंड. मोहफुलं, हिरडा, डिंक गोळा करणारी, आणि गोंडीची स्वतःची लिपी येणाऱ्या त्या भागातल्या थोड्या माणसांपैकी एक. तीन नंबर खरा तिचा. ती आंगठ्याएवढी अक्षरं पाटीवर काढायची आणि भाऊ ती पडद्यावर चौकटी मोठ्या करून एकेक ठिपका भरत उतरवायचे. ती मागून म्हणायची, "पोट मोठं झालं त्याचं. बाई नोको करू त्याले, माणूस आहे तो." भाऊ ठिपके पुसायचे. "आता?" "आता उपाशी दिसून राह्यला." असं करत अख्खी वर्णमाला झाली. त्या अक्षरांत ग्रामसभांच्या नोटिसा निघाल्या, मुलांसाठी एक छोटं पुस्तक निघालं. ती अक्षरं दुसऱ्या कोणत्याही मशीनवर नव्हती. मी अनेकदा म्हटलं, भाऊ, आता नव्या संगणकात सगळं एकत्र घ्या, चारही एका जागी राहतील, थांबावं लागणार नाही. त्यावर ते माझ्याकडे असं बघायचे की मीच काहीतरी अश्लील बोलले. "मंग कोणी कोणाची वाट काऊन पाहीन?"

ते गेल्यावर महिन्याच्या आत स्मृती मंडळ स्थापन झालं. एक आणि दोन नंबरवाले, म्हणजे मजूर संघटना आणि आम्ही, भाऊंचा पुतण्या, आणि सचिव म्हणून आमच्याच मंडळातला एक वकील. ग्रामसभांना बोलावणं नव्हतं. ठरलं असं की समाजभवनात भाऊंच्या नावानं एक कक्ष करायचा आणि त्यात त्यांचा तो ऐतिहासिक संगणक ठेवायचा, चालू स्थितीत. यासाठी चंद्रपूरहून एक जाणकार बोलावला. त्यानं मशीन लावलं, चार आकडे आले, तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला. परत आला तेव्हा काळ्या पडद्यावर नुसती रेघ लुकलुकत होती. त्यानं दोन-चार कळा दाबल्या, मशीननं इंग्रजीत कुरकुर केली. त्यानं निदान केलं की आतलं सगळं खराब झालंय. मग जुनं पुसलं, आपल्याजवळची एक विंडोज टाकली, आणि पडद्यावर बर्फाच्या डोंगरांचं शोभेचं चित्र लावून दिलं. गडचिरोलीत बर्फाचे डोंगर. मी पोचले तेव्हा पुतण्या कौतुकानं दाखवत होता, "ताई, आता काही दाबावं नाई लागत. सीधं चालू होते."

मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. सचिव म्हणाले, भावनेच्या भरात बोलू नकोस, शेवटी ती एक वस्तू आहे, आणि सगळ्यांच्या सोयीचं झालं ना. सोयीचं. चार भांडणाऱ्या माणसांची एक सोयीची विंडोज. शोकसभेतही त्यांनी हेच केलं होतं. कोणी म्हणालं भाऊ आमचे, कोणी म्हणालं मुळात आमचेच, आणि मैनीबाई मागच्या रांगेत बसून राहिली, तिला बोलायला दिलं नाही. म्हणे वेळ कमी आहे. ज्या माणसानं आयुष्यभर कुणालाही कुणात मिसळू दिलं नाही, त्याला त्यांनी हार घालून एका रंगात बुडवलं. हे काम परक्यानं केलं असतं तर मी पत्रक काढलं असतं. आपल्यांनी केलं, म्हणून हा लेख.

उपाय होता एकच. भाऊंनी प्रत्येक नंबरवाल्याला त्याच्या विंडोजच्या फ्लॉप्या करून दिल्या होत्या, वर सुरुवातीचे ते चार आकडेही त्यात टाकले होते. "आपापलं घरी ठेवा," एवढंच सांगून. मी फिरले. मजूर संघटनेच्या ऑफिसात कोणाला काही आठवत नव्हतं, ऑफिस दोनदा बदललं होतं. आमच्या मंडळाच्या फ्लॉप्या सापडल्या. विज्ञान प्रदर्शनात त्यांना भोकं पाडून, दोऱ्यात ओवून तोरण केलं होतं, तेही आमच्याच पोरांनी.

मैनीबाईच्या घरी गेले तेव्हा मला खात्री होती. ती म्हणाली, "हाय ना. सांभाळून ठेवल्या." आणि तिनं वर बोट केलं. चुलीच्या वर, आढ्याला मक्याची कणसं आणि दुधीभोपळ्याच्या बिया बांधल्या होत्या, पुढच्या पेरणीच्या. त्यांच्यातच पळसाच्या पानात गुंडाळून फ्लॉप्या टांगल्या होत्या. धुरानं कीड लागत नाही. घरात जे सगळ्यात जपायचं ते तिथं ठेवायचं, हे तिच्या आईनं तिला शिकवलं आणि तिनं तसंच केलं. पान उघडलं. प्लास्टिक वाकून गेलं होतं, पत्र्यावर काजळीचा थर. तिनं एक हातात घेऊन उलटीपालटी केली आणि माझ्याकडे पाहिलं. "बियाणं तं टिकते इथी," ती म्हणाली... मला तिथं कोणावर रागावता आलं नाही, आणि तो राग कुठं ठेवावा हे मला अजून कळत नाही.

चार नंबरच्या फ्लॉप्या शाबूत होत्या. ठेकेदारांच्या लोखंडी कपाटात, प्लास्टिकच्या डबीत, कोरड्या. बंडूजी स्वतः घेऊन आला. वरोऱ्याच्या एका भंगारवाल्याकडून मी तशाच जातीचा एक जुना डबा आणला होता, आणि भाऊंचा कीबोर्ड पुतण्यानं पोत्यात भरून टाकला होता तो उचलला होता. दुकानाचं भाडं आता मी भरते. मागच्या खोलीत डबा लावला, बंडूजीच्या फ्लॉप्या एकामागून एक घातल्या, आणि काळ्या पडद्यावर आले... एकाखाली एक चार आकडे. ज्यांच्याविरुद्ध मी लिहिते त्यांच्या कपाटातून आले. त्यांचे उपकार मी मानणार नाही. पुढचं पत्रक त्यांच्याच विरुद्ध आहे आणि ते याच मशीनवर होईल, हे मी बंडूजीला तोंडावर सांगितलं. "सांग ना," तो म्हणाला. "मले काय, मी मुन्शी. बसू का?"

आत्ता चार दाबलं तर हिरवी विंडोज उघडते. बाकीचे तीन आकडे दाबले तर काळं होतं आणि रेघ लुकलुकते. सचिवांचा निरोप आला की उगाच रिकामे आकडे कशाला ठेवतेस, एकच ठेव, सोपं होईल. मी चारही ठेवणार. कक्षाच्या उद्घाटनाचं निमंत्रणही आलं होतं, जाणार नाही.

परवा मैनीबाई आली. बंडूजी त्याच्या कामासाठी आधीच बाकावर होता. ती त्याच्या बाजूला बसली, त्याच्याकडे न बघता. डबा नुकताच सुरू होऊन चार आकडे आले होते, तिनं उठून भाऊंच्या कीबोर्डवरचा तीन दाबला. त्या कळेवरचा आकडा झिजून गेलाय, पण तिला जागा माहीत आहे. काळं झालं. तिनं बाकावर परत बसून पिशवीतून पाटी काढली. पहिलं अक्षर काढलं, माझ्यापुढे धरलं.

मी मशीन पुन्हा सुरू करून चार दाबलं, हिरव्या विंडोजमध्ये चौकट मोठी केली आणि ठिपके भरू लागले. मागून तिचा आवाज आला, "पोट मोठं झालं त्याचं."

बंडूजी बाकावर सरकला, वाट पाहत.