पावणेतीनचं पाणी

अंबरनाथ पूर्वेत दुपारी कुणालाच धड झोप का लागत नाही, याचा शोध घ्यायला निघालात, तर तुम्ही आमच्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर येऊन पोचाल. तिथे काकू राहतात. पाणी पावणेतीनला येतं, आणि ते जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून निघतं काय, पाइपातून वर चढतं काय, सगळं काकूंच्या परवानगीनेच, असा त्यांचा ठाम समज आहे. मोरीतला नळ कायम उघडा आणि त्याखाली स्टीलचं ताट उपडं. पहिला थेंब वाजला की जिन्याच्या तोंडाशी येऊन "आलं गं, आलं!" अशी हाक देतात. ती तिसऱ्या मजल्यापर्यंत जाते आणि वाटेतली तान्ही पोरं उठवून जाते. कालचं पाणी त्यांच्या लेखी शिळं. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, तर मुलगा काय करतो हे न विचारता त्या विचारतात, "तिकडे पाणी किती वेळ असतं?" माझ्या वेळी मी "नाशिक, चोवीस तास" म्हटल्यावर त्यांनी माझ्यावरून बोटं मोडली आणि म्हणाल्या, "नशीब काढलंस!"

दोन वर्षांपूर्वी आईबाबांनी वरचा फ्लॅट विकला आणि ते माझ्याकडे नाशिकला आले. काकूंची हाकही मागोमाग आली. रोज पावणेतीनला आईला फोन: "सुमन, आलं गं!" एवढं बोलून ठेवून देतात. आणि माझी आई, जिच्या नळाला चोवीस तास पाणी आहे, उठून एक कळशी भरते. मी हसायचे. तिला तिथली किती आठवण येते हे मला कळत होतं, पण हसणं सोपं होतं.

यंदा आम्ही तिघं दोन दिवसांसाठी अंबरनाथला गेलो आणि काकूंकडेच उतरलो. बाबांना स्टेशनापासूनच पाहुणपण चिकटलं. रिक्षावाला म्हणाला, "काका, फर्स्ट टाइम काय? शिवमंदिर बघून घ्या, एकदम पुराना आहे." इथल्या कारखान्यात उभी हयात काढलेले बाबा "हो का?" म्हणाले आणि मुकाट्याने बघायला गेले. संध्याकाळी परत आल्यावर म्हणाले, "खरंच बघण्यासारखं आहे गं!"

आईचं मात्र बिनसलं. ज्या घरात तिने तीस वर्षं फुलपात्रातून चहा प्यायला, तिथे तिला काचेच्या कपाटातली सोनेरी काठाची कपबशी मिळाली. पावणेतीनला ताट वाजलं तशी ती सवयीने उठली, तर काकूंनी खांद्याला धरून परत सोफ्यावर बसवलं. "तू बस. पाहुणी आहेस." आई बसली. तो चहा तिला संपवता आला नाही.

आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये आता एक सिंधी जोडपं राहतं. दोघंही दिवसभर उल्हासनगरला आपल्या कापडाच्या दुकानात, म्हणून किल्ली काकूंकडे आणि पाणी भरायचं कामही काकूंकडेच. दुसऱ्या दिवशी हाक देऊन त्या वर निघाल्या आणि चौथ्या पायरीवर गुडघा धरून बसल्या.

"काही नाही गं, रोजचंच आहे. दहा मिनिटांनी जाते."

"दहा मिनिटांत प्रेशर जाईल, वहिनी!" आई म्हणाली. "किल्ली द्या इकडे."

"अगं, पण तू पाहुणी..."

"किल्ली!"

मी तिच्या मागोमाग गेले. आपल्याच जुन्या दाराशी आई जराशी थांबली, चप्पल काढून आत शिरली. ओटा बदलला होता, भिंतींचा रंग बदलला होता. नळ तिथेच होता. तिने कालचं पाणी कुंड्यांना घातलं, पिंप भरलं, बादल्या भरल्या. मग गरज नसताना ओटा पुसला आणि खिडकीशी उभी राहिली.

खाली आली तेव्हा तिच्या साडीचे काठ भिजलेले होते. काकूंनी तिच्यापुढे चहा ठेवला, फुलपात्रात. वर म्हणाल्या, "पिंपावर झाकण ठेवलंस ना? विसरतेस नेहमी." आईला इतकं खूश मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

फोन अजून रोज येतो, फक्त हाक जरा लांबली आहे. "सुमन, आलं गं. गुडघा दुखतोय. येतेस का?"

"आलेच, वहिनी," आई म्हणते. कळशी भरून वाहू लागते, आणि तिला नळ बंद करायचं भान राहत नाही.