माझ्या नावाचा पाला

मी मेले, ही बातमी मला स्वतःला सगळ्यात शेवटी समजली. तोवर चार गावं रडून मोकळी झाली होती.

मी नर्सबाई. गडचिरोलीकडच्या जंगलपट्टीतलं एक उपकेंद्र आणि त्याला जोडलेले टोले माझ्याकडे. टोला म्हणजे दहा-वीस घरांची वस्ती, आणि दोन टोल्यांच्या मधे नुसता सागवान आणि बांबू. एसटी डांबरी रस्त्यावर सोडते आणि निघून जाते, पुढचं तुमचं तुम्ही बघा. नवरा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात, रविवारी घरी येणारा. त्यानं आपली जुनी मोटरसायकल मला दिली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, बाईमाणसाला फटफटी शोभते का? मी म्हटलं, शोभायला नाही चालवत, जायला चालवते. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे.

टळटळीत दुपार होती. मागे लसींचा डबा बांधलेला. नाल्याच्या उतारावर रानडुकरांचा कळप आडवा आला. पुढचं डुक्कर गेलं, मी ब्रेक दाबला, वाटलं सुटले. आणि मागचं आलं. पडल्यावर थोडा वेळ मी शुद्धीत होते. गाडी माझ्या उजव्या पायावर, चाक आपलं फिरतंय, आणि आजूबाजूला पाखराचासुद्धा आवाज नाही. त्या शांततेत मला अगदी पक्कं कळलं की बांबूच्या आडून कोणीतरी माझ्याकडे बघत आहे. वाघ असेल, नसेल. आजही सांगता येत नाही. ते बघणं मात्र माझ्या पाठीला चिकटलं ते चिकटलंच.

बांबू नेणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी मला उचललं आणि ट्रॉलीत टाकलं. ऊन होतं, धूळ होती, म्हणून त्यांच्यातल्या एका भल्या माणसानं आपला दुपट्टा माझ्या तोंडावर टाकला. एवढंच झालं. पण ट्रॉली टोल्याटोल्यांतून, न थांबता, तशीच गेली. लोकांनी पाहिलं ते नर्सबाईचा रक्तानं भरलेला कोट आणि झाकलेलं तोंड. जिवंत माणसाचं तोंड कोण झाकतं?

आमच्याकडे रस्त्यात कोणी अवचित गेलं, वाघानं नेलं, झाडावरून पडलं, गाडीखाली आलं, तर त्या जागेवरून जाणारा प्रत्येक जण एक हिरवी डहाळी तोडून तिथं टाकतो. ओळख असो की नसो. पाला वाळतो, खालचा कुजतो, वर नवा पडतो. एकदा ढीग सुरू झाला की त्याला कोणी हात लावत नाही. त्याच संध्याकाळी माझ्या जागेवर पहिली डहाळी पडली. मी तेव्हा चंद्रपुरात होते, आणि मांडीत सळई टाकायची तयारी चालली होती.

पुढचे कितीतरी महिने काठी, खाट आणि खिडकी. डॉक्टरनं शेवटी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाला, हाड छान जुळलंय, गाडी चालवायला हरकत नाही, कधीपासून ते तुमचं तुम्ही ठरवा. बोलून मोकळा झाला. ठरवणं इतकं सोपं असतं तर काय पाहिजे होतं!

पहिल्यांदा एसटीनं गावी उतरले तर थांब्यावरच्या चहावालीनं आधी माझे पाय पाहिले. भुताचे पाय उलटे असतात ना. मी म्हटलं, नीट बघून घे बाई, सरळच आहेत, एक जरासा आखूड झालाय तेवढाच. ती हसली, चहा केला, पण कप माझ्या हातात दिला नाही, बाकावर ठेवला. आम्ही बौद्ध. बाकावर ठेवलेल्या कपाचा एक जुना अर्थ आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तो असता तर मी तिथंच तमाशा केला असता. हा तो नव्हता. ती अजून माझ्या पायांकडेच बघत होती. मी चहा प्यायले. ढिगाची गोष्ट मला तिनंच सांगितली.

आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव वैनगंगेत सोडले, आणि देवांच्या मागोमाग भुतंही घराबाहेर काढली. उतारा, अंगारा, लिंबू-मिरची, काही म्हणता काही नाही. मी स्वतः टोल्याटोल्यांत जाऊन बायकांना सांगत आले की भूतबित काही नसतं, ताप आला तर दवाखान्यात या. मग आता मी कोणाला सांगणार की मला वाटतं, मी पूर्ण घरी आलेच नाही? काहीतरी माझं तिथंच राहिलं, आणि लोक रोज त्याच्यावर पाला टाकून राहिले आहेत?

नवरा दर रविवारी गाडी पुसायचा, चालू करायचा, थोडा वेळ ऐकायचा, बंद करायचा. चालव म्हणाला नाही, विकू म्हणाला नाही. मीच सांगत सुटायची. पोळा होऊ दे. मग दसरा होऊ दे. मग धान कापून होऊ दे. पाय दुखतो, रस्ता ओला आहे. सगळ्या सबबी. खरी गोष्ट एकच, मला भीती वाटत होती. अंगणात स्टँडवर लावलेल्या गाडीवर बसले तरी उजवा पाय आपोआप ब्रेक दाबून धरायचा आणि सोडता सुटायचा नाही. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणतात. मी तर ताकाकडे बघतही नव्हते. वरच्या साहेबांनी सरळ विचारलं होतं, टोले सांभाळणार की वरोऱ्याला बदली घेणार? वरोऱ्याला मोठा दवाखाना, खुर्ची, पंखा. आणि टोल्यांना नवी बाई येईपर्यंत कोणीच नाही. धान निघाल्यावर सांगते म्हटलं होतं, आणि धान निघालं.

त्याच आठवड्यात टोल्यावरची आशाताई घरी आली. बोलता बोलता म्हणाली, तुमचा ढीग वाढूनच राह्यला मॅडम, कमरेएवढा झाला. मी म्हटलं, अगं, मी जिवंत आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे ना? माहीत आहे म्हणे. तरी टाकतात? टाकतात म्हणे, मीही टाकते.

माझं डोकंच फिरलं. भीती होती तितकीच राहिली, पण राग तिच्या डोक्यावर चढून बसला. जित्या बाईचं मढं किती दिवस झाकणार? रविवारी सकाळी मी नवऱ्याकडे किल्ली मागितली. त्यानं हेल्मेट आणून दिलं. मग म्हणाला, "लसींचा डबा नेऊ नको. आज फक्त जाऊन ये."

पहिल्या वळणापर्यंत मी शिव्या देत गेले, म्हणून गेले. जंगल सुरू झालं तशा शिव्या संपल्या. पाय ब्रेकवर जायचा, मी ओढून घ्यायची. नाल्याचा उतार आला तेव्हा हँडलवरचे हात घामानं भिजले होते. गाडी उभी केली आणि पाठीवर ते बघणं पुन्हा जाणवलं. तसंच, तिथंच. जणू मधले महिने गेलेच नव्हते.

ढीग खरंच कमरेएवढा होता. वर ऐनाची ताजी डहाळी, त्याच सकाळची. मी दोन्ही हातांनी उपसायला लागले. वरचं हिरवं, मधलं तपकिरी, खालचं काळं झालेलं. आणि तळाशी चप्पल. माझी, उजव्या पायाची. दवाखान्यात सगळ्यांना विचारून दमले होते ती. मी तिथंच बसले. हात पुढे होईना.

पलीकडच्या टोल्यावरची एक म्हातारी डोक्यावर काटक्यांची मोळी घेऊन येत होती. तिच्या नातवंडांना लसी मीच दिलेल्या. तिनं मला पाहिलं, उपसलेला पाला पाहिला. मोळी उतरवली, बाजूच्या झाडाची डहाळी मोडली आणि माझ्यादेखत चपलेवर टाकली.

मी म्हटलं, "माय, मी जित्ती हाय. माह्यावर काऊन पाला टाकता तुमी?"

"तुह्यावर नाई टाकत बाई," ती म्हणाली. "जाग्यावर टाकतो. त्या जाग्यानं तुहं रगत चाखलं. आता तो तुलेच पाहून राह्यला. तू येशीन ना कधीतरी इथून, म्हनून त्याचे डोये झाकून ठेवतो."

ते बघणं मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

मला रडू फुटलं. म्हातारी समजूत काढत बसली नाही, उपसलेला पाला परत चपलेवर रचू लागली. मग मीही लागले. ढीग पुन्हा होता तसा झाल्यावर तिनं विचारलं, मंगळवारी लसीले येशीन का? मी हो म्हटलं. गाडीला किक मारली आणि उतार उतरून, नाला ओलांडून, तिच्या टोल्यापर्यंत जाऊन आले.

सोमवारी साहेबांना फोन करून वरोरा नको म्हणून सांगितलं. आता दर मंगळवारी उतारावर थांबते, डहाळी तोडते, टाकते. टोल्यांतल्या बायका ते बघतात. डाव्या पायाची चप्पल घरी दाराआड आहे, ती मी फेकू देत नाही.

नवऱ्यानं एकदा विचारलं, भीती गेली का? मी म्हटलं, नाही. तिथंच आहे पाल्याखाली. आणि पाला तर वाळतो, म्हणून जावं लागतं.