चीटिंगचं रजिस्टर

चार माणसं वर्षानुवर्षं एका छताखाली काम करायला लागली की किस्से साठतातच. ड्रॉवरच्या कोपऱ्यात जुने वॉशर आणि रबरबँड साठतात, तसे. मुद्दाम कुणी ठेवत नाही आणि टाकवतही नाहीत. आमचे किस्से मात्र तारीख-वार, सह्यांसकट साठलेत, कारण आम्ही चौघंही कारखान्यातली माणसं आणि कागद केल्याशिवाय आम्हाला काही खरं वाटत नाही.

चौघं म्हणजे मी, वाळूजच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला. शकीलभाई, उस्मानपुऱ्यात राहणारे, मशिनचे प्रोग्राम लिहिणारे. वैशालीताई, स्टोअरच्या मालकीण. म्हणजे मालकीण नाहीत, पण त्यांच्याकडे हातमोजे मागायला गेलात की कळेल. आणि भास्कर, शेंद्र्याचा, मिलिंग मशिनवर. दर रविवारी सकाळी बजाजनगरच्या माझ्या फ्लॅटवर आपापले लॅपटॉप घेऊन आम्ही एक गेम खेळतो. ठोकळ्यांचं जग असतं. माती खणा, लाकूड तोडा, वाटेल ते बांधा. जिंकायचं काही नाही, हरायचंही काही नाही.

आता ज्या खेळात जिंकायचंच नाही, त्यात चीटिंग कसली? असं मलाही वाटायचं. मग आमची भांडणं सुरू झाली.

*

पहिलं भांडण सूर्यावरून. गेममध्ये अंधार पडला की भुतंखेतं येतात. शकीलभाईंनी एक ओळ टाइप केली आणि सूर्य डोक्यावर खिळवून टाकला.

"ही चीटिंग हाय," भास्कर म्हणाला. "रात झाली की पलंग टाकायचा, झोपायचं. सकाळ व्हती."

"क्या रे, आठवडाभर नाइट शिफ्ट केली. संडे कू भी अंधेरा कायकू?"

वैशालीताईंनी चष्मा वर केला. "म्हणजे तू झोपून रात्र घालवलीस तर इमानदारी आणि त्यांनी टाइप करून घालवली तर चोरी? आमच्या स्टोअरला झोपणाऱ्यालाच मेमो देतात."

तोडगा ताईंनीच काढला. कंपनीत एखादा जॉब मापात बसत नसला आणि लाइन थांबलेली असली, की आम्ही तो फेकत नाही. डेव्हिएशन भरतो. काय चुकलंय, किती चुकलंय, का आणि कधीपर्यंत चालवून घ्यायचं, असे चार रकाने. खाली सह्या. सह्या झाल्या की वाकडंसुद्धा सरळ. तेच इथं करायचं ठरलं. ताईंनी दोनशे पानी वही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि पहिली नोंद झाली.

काय: सूर्य. किती: एक. का: शकीलभाईंना भीती वाटते. कधीपर्यंत: चहा होईपर्यंत.

*

दुसरी नोंद स्वतः ताईंची. त्या लाव्ह्यात पडल्या आणि महिनाभर जमवलेलं सगळं सामान जळालं. एका ओळीत ते परत आणता येत होतं. त्यांनी शांतपणे वही ओढली आणि 'का'च्या रकान्यात लिहिलं: सासूबाईंचा फोन आला, लक्ष विचलित झालं.

तिघांनी निमूट सह्या केल्या.

"पण ताई, फोन तर वाजलाच नाही," मी म्हणालो.

"तुमची सही झालीय ना? मग आता चौकशी करणं हीच चीटिंग."

*

माझंही एक प्रकरण आहे, ते लपवत नाही. हिरे कुठं सापडतात ते मी व्हिडिओत बघून आलो आणि सरळ जाऊन खणले. भास्करनं लगेच हरकत घेतली. मी म्हणालो, माहिती घेणं म्हणजे चीटिंग नव्हे. अर्धा तास वाद चालला. शेवटी ताई म्हणाल्या, "दिवाळीचा चिवडा मी व्हिडिओ बघूनच केला होता. तुम्ही डबाभर खाल्लात, तेव्हा कुणी रकाना काढला नाही."

भास्करनं चिवड्याबद्दलही माफी मागितली. तो तसाच आहे.

कसा, ते सांगतो. शकीलभाईंना गेममध्ये एक फट सापडली. एक सोन्याची वीट टाकली की दोन बाहेर यायच्या. त्यांचं म्हणणं, यात माझा काय दोष? "मशिननं एक्स्ट्रा पीस दिला तर तू परत करतो का रे?"

"व्हय," भास्कर म्हणाला.

आणि तो खरंच करतो. दसऱ्याला मशिनची पूजा झाल्यावर लाडू वाटतात. एका वर्षी वाटणाऱ्याच्या नजरचुकीनं प्रत्येकाच्या पाकिटात दोन-दोन आले होते. भास्कर एकटा परत जाऊन रांगेत उभा राहिला, एक लाडू परत करायला. त्याच्यामुळे सगळं वर्कशॉप पकडलं गेलं. माझा तर तोवर दातांखाली होता.

*

त्याच्या या हट्टामागे कारण होतं, आणि ते आम्हाला ठाऊक होतं. त्यांची शेंद्र्याची जमीन इंडस्ट्रीत गेली. तिथं आता एका कंपनीची कंपाउंड वॉल आहे. जमीन गेल्यापासून आबा, म्हणजे त्याचे वडील, त्या रस्त्यानं गेलेले नाहीत. लग्नकार्याला जायचं असलं तरी लांबचा फेरा मारतात. भास्कर गेममध्ये ते शेत बांधत होता. एक ठोकळा म्हणजे एक पाऊल, हा हिशेब. विहीर, विहिरीवरचा लिंब, गोठा, बांध, सगळं आठवून आठवून.

"आबांला एकदा दावायचं हाय," तो म्हणायचा. "त्यात एक बी ठोकळा खोटा नको."

विहीर तो तीन रविवार खणत होता. चौथ्या रविवारी तो खाली दूध आणायला गेला असताना शकीलभाईंना दया आली आणि त्यांनी एका ओळीत विहीर काठोकाठ भरून टाकली. भास्कर वर आला, स्क्रीन बघितली आणि पिशवी हातात धरूनच ओरडला, "पाणी लागलं!"

त्याचा चेहरा बघून आम्हाला सांगवेना. पण शकीलभाईंना खोटं पचत नाही. त्यांनी सांगून टाकलं.

"आबांनी दोन वर्सं घातली त्या हिरीला," भास्कर म्हणाला. "अन् तुम्ही एका ओळीत भरता?" लॅपटॉप मिटून तो निघून गेला. दोन रविवार आलाच नाही. मला फार वाईट वाटलं. त्याच्याशिवाय चीटिंग करण्यात काही मजाच नव्हती.

तिसऱ्या रविवारी शकीलभाई त्याच्या घरी नान-खलियाचा डबा घेऊन गेले आणि त्याला घेऊन आले. विहीर रिकामी केली आणि मग शकीलभाईंनी स्वतः गेममधल्या लांबच्या नदीवरून बादल्या आणल्या. तिथं कळलं की या गेमचा नियमच असा आहे: दोन बादल्या नीट ओतल्या की ते पाणी कधीच आटत नाही, कितीही उपसा.

शकीलभाई बादली हातात धरून बघतच राहिले. "मराठवाड्यात तरी ह्याला चीटिंगच बोलना पडता," ते म्हणाले.

भास्करनं यावर डेव्हिएशन भरलं. किती: न आटणारं. का: गेम मराठवाड्याबाहेरचा आहे.

*

शेत पूर्ण झालं. त्या दिवशी वहीत ठळक अक्षरात ठराव झाला की भास्करच्या शेतातला एकही ठोकळा डेव्हिएशनशिवाय हलणार नाही. पुढच्या रविवारी तो आबांना घेऊन आला.

आबा धुवट धोतर नेसून आले होते. ताईंनी खुर्ची दिली, शकीलभाईंनी लॅपटॉपचा उजेड वाढवला. भास्करनं माऊस हातात घेतला. त्यानं आबांना आधी गोठा दाखवला, मग लिंब, मग विहीर. आबा स्क्रीनकडे वाकून बघत होते.

"हे तूच केलं?"

"व्हय, आबा."

"हातानं?"

"सगळं हातानं. इचारा ह्यांना."

आबांनी लिंबाच्या जागी स्क्रीनवर बोट ठेवलं. मग ते बोट हळूहळू उजवीकडे नेलं, बांधापर्यंत.

"बांध चुकला."

भास्कर हिरमुसला. "नाय चुकला, आबा. मी ल्हानपणापासून तितंच बघतोय. पावलं मोजलीत."

"तू तितंच बघितला. तुझ्या जन्माआधी चार पावलं अलीकडं व्हता." आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "दर नांगरटीला वीतभर सारत गेलो मी. सोपानाच्या बाजूला."

सोपानकाका म्हणजे आबांचे चुलतभाऊ. त्यांची जमीन लागूनच होती आणि तीही त्याच वेळी गेली. भास्कर वडिलांकडे नुसता बघत राहिला. लाडू परत करणारा आमचा भास्कर. मला वाटलं, आता हा लॅपटॉप मिटतो.

"काकांला म्हाईत व्हतं?" त्यानं विचारलं.

"असंल. उभ्या जन्मात बोलला नाय."

"मग राहू द्या ना आबा. आता तितं भिंत हाय कंपनीची."

"तितं हाय," आबा म्हणाले. "हितं कुठं हाय?"

भास्करनं माऊस सोडला आणि ठरावाची आठवण करून द्यावी तसं आमच्याकडे बघितलं. मी नजर चुकवली. ताईंनी मात्र वही आबांपुढे सरकवली.

"हे काय?"

"आबा, नियमात नई बैठता, वो इसमें लिखनेका," शकीलभाई म्हणाले. "लिहिलं की चलता."

आबांनी पेन घेतला. काय, तिथं लिहिलं, बांध. किती, तिथं लिहिलं, चार पावलं. 'का'चा रकाना त्यांनी मोकळा सोडला आणि आमच्यातल्या कुणीही त्याबद्दल विचारलं नाही. शेवटच्या रकान्यावर ते अडले.

"कधीपर्यंत म्हंजे?"

"म्हणजे हे असं कधीपर्यंत चालवून घ्यायचं, ते," मी सांगितलं.

आबांनी स्क्रीनवरच्या बांधाकडे एकदा बघितलं आणि सावकाश, एकेक अक्षर काढत लिहिलं: आजपर्यंत.

मग त्यांनी सही केली आणि पेन भास्करच्या हातात दिला.