जबड्यातला पहिला तुकडा

मुंबईहून शिकून मी सोलापूरला परत आलो, तेव्हा सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि आपल्याला सगळं येतं असा माझा ठाम समज होता. नवी पेठेत एका कापडदुकानाच्या वर दवाखाना थाटला. खाली दिवसभर कापड फाडल्याचा आवाज यायचा आणि वर माझी पक्कड चालायची. लोक माझ्याकडे दात काढायलाच यायचे आणि दात काढायला फारसं शहाणपण लागत नाही, त्यामुळे तो समज बरेच दिवस टिकला.

एका दिवाळीच्या तोंडावर सांगोल्याकडचा एक मेंढपाळ आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी विशीतली. सासर सोडून बापाजवळच राहत होती. का, ते मी विचारलं नाही. तिचा उजवा गाल खालच्या बाजूनं फुगला होता आणि त्यावर डागण्याच्या दोन काळ्या खुणा होत्या. गावात कुणी दाढ किडली म्हणालं होतं, कुणी मिश्रीला दोष दिला होता. दुखत मात्र काहीच नव्हतं. जबड्यात न दुखता काही वाढत असेल तर जास्त घोर लावून घ्यावा, एवढं मी पुस्तकात वाचलं होतं. मी आतून बोटानं चाचपलं. एका जागी हाड इतकं पातळ झालं होतं की दाबलं की आत जायचं आणि सोडलं की वर यायचं.

मोठ्या इस्पितळात पाठवून एक्स-रे काढून आणवला. त्याला आमच्याकडे सगळे फोटोच म्हणतात. फोटोत खालच्या दाढांच्या मागं, जबड्याच्या कोनाशी, लिंबाएवढी काळी पोकळी होती. चेहऱ्याला आकार देणारी जबड्याची खालची कड मात्र अजून जाड होती.

अशी पोकळी दोन गोष्टींची असू शकते आणि फोटोत त्या दोन्ही सारख्याच दिसतात. एक साधी सिस्ट, म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी. ती खरवडून काढली की हाड हळूहळू भरून येतं. दुसरा ट्यूमर. हा ट्यूमर सहसा जिवावर उठत नाही, पण हाडात शिरून बसतो आणि नुसता खरवडला तर परत येतो. तो भोवतालच्या हाडासकट काढावा लागतो. लवकर कळलं तर खालची कड राखता येते आणि चेहरा सरळ राहतो. उशीर झाला तर अर्धा जबडा काढावा लागतो, तोंड एका बाजूला ओढलं जातं आणि कडक भाकरी कायमची सुटते. या मुलीचं यातलं काय होणार हे ठरवायचं होतं आणि ते मला ठरवायचं होतं.

मी सुई टोचली. पिवळसर पाणी आलं, उजेडात धरलं तर त्यात बारीक चमक होती. सिस्ट! मी मनातून खूश झालो. पण सुई जबड्याच्या मागच्या बाजूला सरकवली तशी ती कशात तरी रुतली आणि पाणी यायचं थांबलं. मागं काहीतरी भरीव होतं. म्हणून जागा बधिर करायचं इंजेक्शन देऊन मी नेमका त्या मागच्या जाड जागेचा तुकडा कापून घेतला, फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला आणि चिठ्ठीसकट बापाच्या हातात दिला. तेव्हा रीतच तशी होती. बाटली पेशंटच्या माणसांनीच लॅबोरेटरीत पोचवायची.

"ह्यात काय हाय?" त्यानं विचारलं.

"तुमच्या मुलीच्या जबड्यातला तुकडा. तपासायला द्यायचा."

"तपासून माघारी देत्यात का?"

"माघारी कशाला? बारीक काप करतात त्याचे. उरलं तर टाकून देतात."

मी हात धूत होतो. त्याच्या तोंडाकडं मी पाहिलंसुद्धा नाही.

आठ दिवसांनी रिपोर्ट यायचा होता, तो आला नाही. माणसंही आली नाहीत. मी एकदा चौकशीला जायला हवं होतं. लॅबोरेटरी सायकलवर दहा मिनिटांच्या अंतरावर होती. पण माझ्याकडे गर्दी वाढली होती, आणि खरं सांगायचं तर मी विसरलो.

ती दोघं परत आली तेव्हा ज्येष्ठ संपत आला होता. गाल आणखी फुगून खाली लोंबल्यासारखा दिसत होता. रिपोर्ट कुठाय म्हणून मी विचारलं.

"त्यो तुकडा पुरला," बाप म्हणाला. "हिची नाळ जितं पुरलीया, तितंच. जित्या माणसाचं मांस आसं कुटंबी टाकायचं नस्तं, डॉक्टर. तिला बादलं आसतं. मग आमी मेंढरं घिऊन कोकनात उतरलो."

माझं डोकंच फिरलं. तुझ्या अडाणीपणापायी पोरीचा जबडा जाईल, असं मी ओरडलो. बापाच्या वयाच्या माणसाला मी अरेतुरे केलं. खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक जिन्यात येऊन बघायला लागलं. तो मान खाली घालून उभा होता. शेवटी मुलगीच म्हणाली, "आबास्नी कशाला बोलताय? पुन्यांदा काढा की. ह्या बारीला मी सोता नेती."

मी पुन्हा तुकडा घेतला. राग अजून उतरला नव्हता, बाहेर पेशंट खोळंबले होते, आणि मागच्या जागी हात नीट पोचत नव्हता. मी पुढून, सोप्या जागेवरून घेतला. पिशवी ती पिशवी, म्हटलं, पुढं काय आणि मागं काय. मुलीनं बाटली स्वतः नेली आणि रजिस्टरात नोंद होईपर्यंत तिथून हलली नाही. रिपोर्ट आला. साधी सिस्ट. मी जणू स्वतःच तिला बरं केलंय अशा थाटात तो वाचून दाखवला. बाप पाया पडायला वाकला. मी त्याला अडवलंही नाही.

इस्पितळातल्या वडीलधाऱ्या सर्जननी आणि मी मिळून ती पोकळी खरवडली. निघालेली सगळी पिशवी मी रीतीप्रमाणे तपासायला दिली, या वेळी स्वतः सायकलवर नेऊन. चार दिवसांनी लॅबोरेटरीतल्या डॉक्टरबाईंनी मला बोलावलं आणि मायक्रोस्कोपपुढं बसवलं. काचेवर कडेकडेनं उंच पेशींची शिस्तीत उभी राहिलेली रांग होती. हे चित्र मी कॉलेजात पाठ केलं होतं. ट्यूमर.

"पुढचा भाग साध्या सिस्टसारखाच दिसतो," बाई म्हणाल्या. "हे सगळं मागच्या जाड भागात आहे. आधी तपासायला दिलेला तुकडा कुठून घेतला होता तुम्ही?"

"पुढून."

"तुम्ही जेवढं देता तेवढंच आम्ही बघतो," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता तो, पण मला अजून लागतो.

नवा फोटो काढला. खालची कड पापडासारखी पातळ झाली होती. दिवाळीला जी वाचली असती ती आता वाचणार नव्हती. सर्जन म्हणाले, अर्धा जबडा काढायला हवा.

सांगायला मी वॉर्डात गेलो. मुलगी खाटेवर बसली होती, बाप खाली फरशीवर. मी जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं.

"मंजी तोंड वाकडं व्हनार," ती म्हणाली.

"होय."

तिनं पदर गालावर ओढून घेतला. मग बाप उठला आणि अगदी हळू आवाजात त्यानं विचारलं, "म्या पुरला त्यो तुकडा... त्यात दिसलं आसतं का, डॉक्टर?"

दिसलं असतं. जवळजवळ नक्कीच दिसलं असतं. हे मला ठाऊक होतं, आणि तो माझ्याकडं ज्या डोळ्यांनी बघत होता ते डोळे मला सोसवेनात.

"नाही," मी म्हणालो. "तोही मी पुढूनच घेतला होता. दोन्ही वेळा जागा चुकली. चूक माझी आहे."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "आसूंद्या," म्हणाला. "तुमी लान हाय अजून. शिकताना हुतं आसं." काही आठवड्यांपूर्वी ज्याच्यावर मी दुकानभर ऐकू जाईल असं ओरडलो होतो, तो माणूस मला समजावत होता. मला रडू आलं, आणि मी ते लपवूही शकलो नाही.

"आबा," मुलगी म्हणाली, "तांब्या भरून आना जरा."

तो तांब्या घेऊन नळाकडं गेला. तो दाराबाहेर पडेपर्यंत ती थांबली.

"पयली जखम मागं व्हती," ती म्हणाली. "म्हयनाभर माजी जीब तितंच जायाची."

मी डोळे पुसले.

"त्यास्नी कदीच सांगू नगा," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिचा उजवा अर्धा जबडा काढला.