कोनाक्रीच्या पंचांचे पाणी

सुरतेच्या गोडादऱ्यातले शेजारी म्हणत, आफ्रिकेतल्या देशांची बैठक बसली की धुरपदाबाईची चूल विझते. उषाबाई तर तोंडावर विचारायची, “काय वो धुरपदाबाई, आज कोणता देश रुसना?” गल्ली हसायची. धुरपदाबाईही पदर तोंडाला लावून हसल्यासारखे करायची. पण उषाबाईच्या घरातला टेलिफोन वाजला की हिच्या हातातले पीठ परातीतच राहायचे.

तिचा थोरला, लोटू, बी.कॉम. झाल्यावर पर्वत पाटियाच्या एका कापडवाल्या शेठकडे लागला होता. शेठने त्याला सिएरा लिओन नावाच्या देशात, फ्रीटाउन शहरातल्या आपल्या दुकानावर पाठवले. सुरतेचे कापड तिथल्या बायका डोक्याला गुंडाळतात, असे त्याने कळवले तेव्हा ती ते कौतुकाने गल्लीभर सांगत फिरली होती. मग सत्त्याण्णवच्या मे महिन्यात तिथल्या सैनिकांनी निवडून आलेले सरकार उलथवले आणि दुकाने लुटली जाऊ लागली. लोटू ताग्यांच्या थप्पीमागे पडून गोळ्यांचे आवाज ऐकत राहिला. पुढे परदेशी माणसांना काढणाऱ्या एका जहाजाने तो शेजारच्या गिनी देशात, कोनाक्रीला पोहोचला. तिथून त्याचा पहिला फोन आला तेव्हा त्याला बोलताच येईना. ‘आई’ म्हणाला आणि नुसता श्वास घेत राहिला. तो श्वास धुरपदाबाईच्या कानात बसला तो बसलाच.

पश्चिम आफ्रिकेतल्या सोळा देशांचा एक समुदाय होता. बांधला होता व्यापारासाठी, पण आपल्यातल्याच एका घराला आग लागल्यावर त्याला मध्ये पडणे भाग झाले. एकीकडे त्याने बंडखोरांची नाकेबंदी केली, दुसरीकडे त्याचे मंत्री त्यांच्याशी बोलणी करीत राहिले. बोलणी कधी जुळत, कधी फिसकटत. तिचा नवरा निंबा पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमधून आला की रंगाने निळे झालेले हात न धुताच ट्रान्झिस्टर कानाशी धरायचा. धाकटी छाया गुजराती शाळेत शिकलेली. ती उषाबाईकडचे वर्तमानपत्र वाचून सांगायची. त्यातले मोठे मोठे शब्द धुरपदाबाईपर्यंत पोहोचत नसत. तिने त्या सगळ्यांसाठी आपल्यापुरता एकच शब्द ठरवला होता: पंच.

पंच तिला ठाऊक होते. तिच्या माहेरी, पारोळ्याच्या बाजूच्या गावात, भाऊबंदांचा तंटा मिटवायला पंच आले की तोड निघेपर्यंत ते त्या घरचे पाणी घेत नसत. भरलेला तांब्या मधोमध ठेवलेला असे. मन जुळले असे वाटले की थोरला पंच तो उचलायचा, आणि मग दोन्ही घरच्यांनी त्यातलेच पाणी प्यायचे. बांधावरून चुलत्याशी वाकडे आले त्या वर्षी पंचांनी ओट्यावर बसून निकाल सांगितला, सगळ्यांनी माना डोलावल्या. पण तांब्याला कोणीच हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ सखाराम विहिरीवर गेला तो चुलत्याकडच्यांचा मार खाऊन खाटेवरून घरी आला. धुरपदाबाई तेव्हा परकर नेसत होती.

दिवाळी तोंडावर आली असताना छाया वर्तमानपत्र घेऊन धावतच आली. कोनाक्रीत तह झाला होता. लढाई तत्काळ थांबणार होती, बंडखोर हत्यारे खाली ठेवणार होते आणि पुढच्या एप्रिलात पदच्युत राष्ट्राध्यक्ष परतणार होते. शेजारी छायाचित्र होते: लांब टेबल, कोटातले आणि झग्यातले मंत्री, त्यांच्यात गणवेशातला एक जण मान खाली घालून सही करतो आहे. प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. धुरपदाबाईने कागद उजेडात धरला.

“त्यास्नी पानी पिधं का?” तिने विचारले.

छायाला प्रश्नच कळेना. कळला तेव्हा तिने समजावून सांगितले, की या विकतच्या बाटल्या, तिथला हॉटेलवाला मांडून ठेवतो. तहान लागली तर पितात, नाही तर नाही. त्याचा तहाशी काही संबंध नाही. उषाबाईला हे कळायला वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीत जो तो दुसऱ्याला विचारत होता, पाणी पिधं का म्हणून. निंबाही हसला, आणि मग वैतागून म्हणाला, की सोळा देश बसले होते, आपल्या गावचा ओटा नव्हता तो. आपले म्हणणे खुळेपणाचे आहे हे धुरपदाबाईलाही दिसत होते. पण छायाचित्रातली सगळी बुचे घट्ट लागलेली होती, हेही तिला दिसत होते.

त्यात कोनाक्रीहून लोटूचा फोन आला. शेठला फ्रीटाउनचे दुकान पुन्हा उघडायचे होते. सुरतेतली दुकाने लाभपंचमीला उघडतात, त्याच मुहूर्तावर लोटूने तिकडे निघावे, असे शेठच्या मनात होते. कुलूप शाबूत आहे, माल आत आहे, आणि या खेपेला शेठ दुकान सर्वस्वी लोटूच्या हाताखाली देणार होता. लोटूचा आवाज आता माणसासारखा झाला होता. त्यात हौसही होती. त्याने शेठला सांगितले होते, आई हो म्हणाली तर जातो. नाही म्हणाली तर शेठ दुसरा माणूस पाठवणार.

लाभपंचमीला शेठने तिला पेढीवर बोलावले. ती निंबाबरोबर रिक्षाने गेली. दाराला तोरण होते, गादीवर पांढरी चादर होती. शेठ भला माणूस. त्याने तिला खुर्चीवर बसवले आणि नीट समजावून सांगितले, की हा तह वाऱ्यावरचा नाही. दिलेला शब्द कोणी मोडला तर त्याला वठणीवर आणायला समुदायाचे सैन्य तिथेच, विमानतळावर तोफा घेऊन बसलेले आहे.

धुरपदाबाईला तोवर ते माहीत नव्हते. तिने निंबाकडे पाहिले. निंबा जमिनीकडे पाहत होता. मिटवायला आलेली माणसे तोफा घेऊन बसली होती, आणि त्या तोफांच्या नि बंडखोरांच्या मधोमध शेठचे दुकान होते. ताग्यांची थप्पी तिच्या डोळ्यांपुढे आली.

फोन लागला. शेठने लोटूला थांबायला सांगून रिसीव्हर तिच्यापुढे धरला. आतून बारीक आवाज येत होता, “आई, जाऊ का?” शेठ हसतमुखाने, मनापासून म्हणाला, “सही थई गई, बेन. हवे डर शेनो?” सही झाली, आता भीती कसली, असे त्याचे म्हणणे.

तिने रिसीव्हर घेतला, पण पाहिले शेठकडे.

“माले भेव वाटस, शेठ. पोऱ्या मना शे. तो जावाव नही.”