तलावाला पोट सुटलं

टेपकाकू कपडे शिवायच्या आणि डूख धरायच्या. दोन्ही कामं पक्की. एक टाका म्हणून उसवायचा नाही.

डूख होता शेजारच्या साहेबावर. सहा वर्षांपूर्वी काकूंनी नवऱ्याच्या चाकाच्या खुर्चीसाठी दारापुढे सिमेंटचा उतार करून घेतला. हद्दीपासून पाच फूट जागा सोडायचा नियम, आणि उतार दोनच बोटं पुढे गेलेला. साहेबानं नगरपालिकेत अर्ज ठोकून तो फोडायला लावला. नवरा पुढची दोन वर्षं खिडकीशी बसून राहिला आणि तिथूनच गेला. काकूंनी ब्र काढला नाही.

यंदा साहेबानं अंगणात स्विमिंग पूल आणला. खड्डा नको, खोदकाम नको. जाड कापडाचा, जमिनीवरच उभा करायचा तलाव. नातवंडं सुट्टीला येणार होती ना! नियम साहेबाला तोंडपाठ: शिडी काढून ठेवता येणारी हवी, भोवती कुलपाचं कुंपण हवं, आणि तलावाची बाहेरची कड हद्दीपासून पाच फूट हवी.

"वहिनी, टेपचं टोक जरा धरता का?"

काकूंनी हसतमुखानं धरलं. बरोबर पाच फूट. साहेब खूश. पण रिकाम्या अभ्र्याचं माप भरलेल्या उशीला लागत नाही, हे जन्मभर कापड हाताळलेल्या बाईला कोण सांगणार? त्या गप्प बसल्या. दोन दिवस नळ चालू होता. तलावाला चांगलं पोट सुटलं, पाणी काठाला लागलं, तेव्हा कुठे काकूंनी तक्रार दिली. त्या दिवशी त्या दोन घास जास्तच जेवल्या.

इन्स्पेक्टरनं मोजलं. चार फूट आठ इंच. तलाव रिकामा करा, नाहीतर शेजाऱ्याची लेखी संमती आणा.

साहेब संमतीचा कागद घेऊन दारात उभा. "नातवंडं उद्या येतायत, वहिनी. चार इंचांचा तर प्रश्न आहे."

"आमचा उतार आठवतो?"

"कसला उतार?"

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं आपण जळतोय, आणि याला पत्ताच नाही! त्यांनी साहेबाला मशीनपुढे बसवलं, कागद उलटा केला. "लिहा. मी तक्रार केली. उतार फोडायला लावला. त्यामुळे चाकाच्या खुर्चीतला माणूस दोन वर्षं घराबाहेर पडला नाही."

साहेब निमूट लिहीत गेला. मध्येच हात थांबला, आठवलं असावं. चेहरा पडला. "चुकलंच माझं," तो म्हणाला. मनापासून म्हणाला, हे काकूंनाही कळलं. त्यांनी कागद ओढून घेतला, सुलटा केला आणि सहीच्या जागेवर पेन टेकवलं.

"थांबा, वहिनी, त्यांचं नावही घालतो," साहेब घाईनं म्हणाला. "काय होतं हो नाव?"

कुंपणाला कुंपण लावून वीस वर्षं राहिलेला माणूस! काकूंनी पेनाला टोपण घातलं.

"पाणी सोडा, साहेब. आणि तुमच्याच अंगणात सोडा. इकडे थेंब आला तर दुसरा अर्ज लिहून ठेवलाय."